दांडा की नळी

मी तोंडाचा फाटका माणूस. रूमवर कुणी माझा टॉवेल वापरला तरी अख्ख्या मजल्याला कळतं. बायको फोनवर म्हणते, "तुमी तिकडं वरडताय आन् हितं आपली कुत्री भुंकायला लागली." फौजेत असताना या तोंडापायी शिक्षा भोगल्यात, पण तोंड काही सुधारलं नाही. असा मी, आणि जिथं एक शब्द बोलायचा होता तिथं दातखीळ बसल्यासारखा उभा राहिलो. त्याची लाज अजून जात नाही. जेवताना मध्येच आठवतं आणि ताट सारून उठतो.

मी कतारमध्ये एका खाजगी शूटिंग क्लबात आर्मरर आहे. आर्मरर म्हणजे बंदुकांचा मिस्त्री. दोह्याच्या बाहेर, गच्चीवर चढलं की लांब लुसैलचे टॉवर दिसतात अशा जागी आमचा क्लब आहे. मेंबर लोक संध्याकाळी येतात, एसीत बसून कॉफी पितात, कागदाच्या टार्गेटवर गोळ्या झाडतात आणि घरी जातात. त्यांनी तापवलेल्या रायफली साफ करायच्या, झिजलेला पार्ट बदलायचा, हे माझं काम. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. पेन्शनीवर आल्यावर कुणी बँकेच्या दारात बसतो, कुणी साखर कारखान्याच्या गेटवर. मला मात्र पेन्शनीनंतरही हत्यारातच काम मिळालं. गावात त्याचं फार कौतुक.

या कामात एक गोष्ट मला नव्यानं शिकावी लागली, आणि तिच्यावरूनच पुढचं सगळं घडलं, म्हणून जरा सांगतो. रायफलीच्या पोटात एक लोखंडी गाडा असतो. गोळी सुटली की तो मागं पळतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, पुढं येताना नवी गोळी बॅरलमध्ये ढकलतो. आपण फक्त दर गोळीला घोडा दाबायचा. या गाड्याला बोल्ट कॅरियर ग्रुप म्हणतात आणि खोक्यावर नुसतं बीसीजी लिहितात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दंडावरची लस आठवली होती.

फौजेत गाडा निवडायची भानगडच नव्हती. मागणी लिहायची, डेपोतून पार्ट यायचा, तो बसायचाच. सगळ्या रायफली एका आईची लेकरं. इथं तसं नाही. क्लबानं चार ठिकाणाहून रायफली घेतल्यात. बाहेरून बघितलं तर जुळ्या बहिणी, पण पोटात फरक. काहींत गोळीचा गॅस बारीक नळीतून थेट गाड्याच्या डोक्यात शिरतो, म्हणून तिथला गाडा पोकळ डोक्याचा. काहींत गॅस एका दांड्याला ढकलतो आणि दांडा गाड्याच्या डोक्यावर आदळतो, म्हणून तिथला गाडा भरीव डोक्याचा. पोकळ डोक्याचा गाडा दांड्याच्या रायफलीत घातला तरी तो बसतो, हातानं ओढला तर मस्त पळतो. फसवणूक आहे ती इथंच. गोळ्या झाडायला लागलं की दांडा त्या पोकळ डोक्यावर हाणत सुटतो, स्क्रू सैल होतात आणि रायफल अडते. त्यामुळे गाडा निवडायच्या आधी रायफलीच्या आत बॅटरी मारून नीट बघायचं, आत दांडा आहे की नळी. एवढंच. ज्याला दिसतं त्याला ते चिमूटभर काम आहे.

आता उस्तादांचं सांगतो.

फौजेत हे काम मला ज्यांनी शिकवलं ते माझे उस्ताद. वाळव्याकडचे. कोर्सला आम्ही सगळ्या देशातली पोरं, आणि शिव्या खायच्या त्या हिंदीत. पण मी एकटा असलो की उस्ताद मराठीत झापायचे. "आरं, लोखंडाला काय म्हशीवानी वडतोस? हत्यार हाय ते." हाताला तेल लागलं की ते तेलाचा वास घ्यायचे आणि कुठल्या डब्यातलं ते सांगायचे. एकदा अफसरांची तपासणी होती. माझ्यासमोर जोडलेली रायफल, आणि मी गडबडीत बोल्ट शेजारच्या रायफलीचा बसवलेला. फौजेत रायफलीचा नंबर बोल्टवरही असतो आणि दोन्ही जुळावेच लागतात. नाही जुळला तर कोर्समधून सरळ घरची वाट. अफसर दोन टेबलं अलीकडं आले होते. उस्ताद त्यांच्या मागनं चालत होते. माझ्या टेबलावर त्यांची नजर पडली आणि खोकल्यासारखं करून ते मराठीत म्हणाले, "नंबर." बस्स. अफसर पंजाबचे, त्यांना काय कळणार? मी टेबलाखालून बोल्ट बदलला. त्या एका शब्दावर माझी अख्खी नोकरी उभी राहिली, लग्न झालं, घरावर स्लॅब पडला.

पेन्शनीनंतर उस्ताद गावाकडं एका बँकेच्या एटीएमच्या दारात वॉचमन म्हणून बसायला लागले. रजेवर गेलो की मी भेटायला जायचो. खांद्याला बँकेनं दिलेली जुनी दुनळी बंदूक. मी बघायला हात पुढं केला तर म्हणाले, "नगं बगूस. लाज वाटंल तुला. सायेब म्हनत्यात, तेल घालू नका, कपड्याला लागतंय." मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "गड्या, तुज्या तिकडं काय जमतंय का बग की. पैशाचं ऱ्हाऊ दे. हात लावायला खरं हत्यार पायजे. येकदा मरायच्या आदी." असं मागणं त्यांनी आयुष्यात कुणाकडं केलं नसणार. मी तिथंच शब्द दिला.

आणि योग जुळला. क्लबात मेंबर वाढले, मला एकट्याला झेपेना. आमचा मॅनेजर जॉर्डनचा, तोही त्याच्या फौजेतून रिटायर झालेला, शिस्तीचा, कमी बोलणारा. त्याला म्हटलं, मला ज्यांनी शिकवलं तोच माणूस आहे. तो म्हणाला, "तुझा मास्टर? मग आणच. व्हिजिट व्हिसावर येऊ दे, काम बघतो, पटलं तर ठेवतो." त्यानं वय विचारलं नाही. मीच मनात घेतलं. उस्ताद साठीला टेकलेले. आखातात वय झालेल्या माणसाला कोण उभं करतं? आमच्याकडचे ड्रायव्हर, फिटर, सगळे इंटरव्ह्यूच्या आधी केस काळे करतात. मिशीसुद्धा. चाळिशीचा चष्मा खिशात, आणि कमरेत दुखत असलं तरी छाती पुढं. आम्हा लोकांना वाटतं, म्हातारा दिसला की खलास.

उस्ताद आले ते हातात मेथीच्या लाडवांचा डबा घेऊन. विमानतळावर मी वाकून पाया पडलो तर मागचा माणूस ट्रॉलीसकट अडखळला आणि मल्याळीत काहीतरी बोलला. रूमवर आल्यावर मी डाय काढला. उस्ताद म्हणाले, "ह्ये काय?" मी म्हटलं, "उस्ताद, इथं असंच असतंय." ते खुर्चीत बसले आणि मी ब्रशनं त्यांचे केस रंगवले. ज्या माणसासमोर मी कधी बसलो नव्हतो त्याच्या डोक्याला मी काळं फासत होतो, आणि तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. उलट आरशात बघून दोघं हसलो. "आता नवरी बगाय जाऊ काय?" ते म्हणाले.

मग मी चष्म्याचं काढलं. त्यांना लांबचं घारीसारखं दिसायचं, जवळचं मात्र चष्म्याशिवाय नाही. लाडवाच्या डब्यावर सुनेनं लिहिलेलं नाव वाचायलाही चष्मा लावायचे. मी म्हटलं, "मॅनेजरसमोर चष्मा लावू नका, उस्ताद. आर्मररला दिसत नाही म्हटलं की गेलं काम."

"आरं पर बारीक काम असंल तर?"

"हाताला कळतंय की तुमच्या. आंधारात रायफल खोलायचा तुमी."

त्यांनी खिशातला चष्मा चाचपला. मग म्हणाले, "तुज्या मुलखात हाय मी. तू म्हनशील तसं." उस्तादांनी माझा हुकूम मानला. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. फार बरं वाटलं.

मोबाईलवर फोटो दाखवून मी त्यांना पोकळ आणि भरीव डोक्याचा फरक सांगितला. त्यांनी फोन हातभर लांब धरला, चष्मा लावला आणि लगेच ओळखलं. "म्हंजी आपल्या फौजंतल्या जुन्या यसेलार रायफलीवानी दांडा असला तर भरीव. नळी असली तर पोकळ. ह्यात काय अवगड हाय?" अवघड काहीच नव्हतं.

मधल्या शुक्रवारी त्यांना बिरकत अल अवामेरला घेऊन गेलो. तिथल्या कॅम्पात आमच्या तालुक्यातले ड्रायव्हर, वेल्डर राहतात. मटण केलं होतं, तव्यावर ज्वारीच्या भाकरी. उस्तादांना मधल्या गादीवर बसवलं. मी सगळ्यांना सांगितलं, हे माझे गुरू, आता क्लबात येणार. एकजण म्हणाला, "म्हंजी आता तुजी दादागिरी बंद." सगळे हसले. मीही हसलो, पण ते आत कुठंतरी लागलं.

कामाच्या दिवशी गाडीतून उतरताना उस्तादांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि खिशात ठेवायला लागले. शर्टाचा खिसा फुगून दिसत होता. मी म्हटलं, "द्या माझ्याकडं." तो मी माझ्या ओव्हरऑलच्या छातीच्या खिशात टाकला आणि बटण लावलं.

सकाळ अशी गेली की विचारू नका. मॅनेजरनं दहा-बारा रायफली काढून ठेवल्या होत्या. उस्तादांनी एकेक हातात घेतली, नुसती वजनानं तोलली, बोटं फिरवली आणि सांगत सुटले. हिचा स्प्रिंग थकलाय. हिला तेल जास्त झालंय, वाळू चिकटंल. हिंदी त्यांची फौजी, मॅनेजरची त्याहून मोडकी, पण दोघांचं जे काही जमलं! मॅनेजर कधी हसत नाही, तो हसला. स्वतःच्या हातानं त्यांना गावा दिला, म्हणजे अरबांची बिनसाखरेची कॉफी. माझ्याशी इतकी वर्षं तो कामापुरतं बोलतो. त्या सकाळी दोघं मला विसरून गेले होते. मी बाजूला उभा राहून कपडा पिळत होतो. अभिमान वाटायला हवा होता. वाटतही होता, पण त्याच्याखाली दुसरंही काहीतरी शिजत होतं. मनात आलं, उद्यापासून मला कोण विचारणार? ही घाण माझ्या मनात आली. ती लपवून पुढचं सांगितलं तर सांगण्यात अर्थ नाही.

मग मॅनेजरनं टेबलावर एक रायफल ठेवली, आतला गाडा काढलेली. शेजारी तीन गाडे, खोक्याशिवाय, सुटे. म्हणाला, "मास्टर, यातला हिचा कुठला?"

उस्तादांनी पहिला उचलला आणि लगेच बाजूला सारला. "ये छोटी गोली का है." बरोबर. राहिले दोन. एक पोकळ डोक्याचा, एक भरीव. ते डोकं बोटांना कळतं, पण रायफलीच्या आत बोट पोचत नाही. तिथं डोळाच लागतो. उस्तादांनी बॅटरी घेतली आणि रायफल उचलून आत बघितलं. जवळ आणली. लांब नेली. पुन्हा जवळ. सुईत दोरा ओवणारी म्हातारी मान मागं घेते तशी त्यांनी मान मागं घेतली. मला दिसत होतं, त्यांना आत नुसता एक चमकता ठिपका दिसतोय. तो ठिपका म्हणजे नळीचं तोंड की दांड्याचं टोक, हे त्यांना कळत नव्हतं.

मी शेजारीच उभा होतो. माझ्या जागेवरून मला स्पष्ट दिसलं. दांडा होता.

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मदत मागणारं नाही, नुसतं बघितलं. माझ्या छातीच्या खिशात त्यांचा चष्मा होता. मी बटण काढून तो पुढं केला असता तर? किंवा नुसतं खोकल्यासारखं करून म्हटलं असतं, "दांडा." मॅनेजरला मराठी येत नाही. त्या हॉलमध्ये मराठी कळणारी माणसं दोनच, एक ते आणि एक मी.

मी बोललो नाही.

का? तेव्हा मी मनाला सांगितलं, उस्तादांना लोकांसमोर शिकवायचं नसतं. आम्हाला हेच शिकवलंय. उस्ताद चुकले तरी चेल्यानं चारचौघात तोंड उघडायचं नाही, मागनं एकट्याला सांगायचं. ही आमची रीत आहे आणि ती वाईट नाही. पण खरंच रीत म्हणून गप्प बसलो का? की ते "दादागिरी बंद" आठवलं? की चष्मा काढला तर केसांचा डाय, माझी सगळी हुशारी उघडी पडेल म्हणून? मी कितीदा उलटंपालटं करून बघितलंय, पण खात्रीनं सांगता येत नाही. सांगता येत नाही याचीच जास्त लाज वाटते.

उस्ताद म्हणाले, "नली है." सकाळी हाताळलेल्या बहुतेक रायफली नळीवाल्याच होत्या, त्यांनी अंदाज केला. पोकळ डोक्याचा गाडा उचलला, बसवला, हातानं ओढला. खट्-खट्, लोण्यासारखा पळाला. त्यांच्या तोंडावर जे समाधान आलं ते मी कोर्समध्ये बघितलेलं होतं.

मॅनेजर मला म्हणाला, "चेक केलंस?" मी मान हलवली. आडवी की उभी, ते माझं मलाच माहीत नाही. त्यानं "हो" असंच घेतलं.

आम्ही आडोशामागं झालो. रायफल शिकंज्यात आवळून त्यानं लांबून दोरीनं घोडा ओढत गोळ्या झाडल्या. पहिल्या काही सुरळीत गेल्या. मग एक वेगळाच आवाज आला आणि रायफल अडली. कुणाला लागलं नाही, तशी जागाच होती. पण मॅनेजरनं ती खोलून टेबलावर ठेवली तेव्हा पोकळ डोकं स्क्रूवरून हललेलं होतं आणि त्याच्या तोंडावर दांड्याच्या ठोक्याचा वळ होता. हुशार माणसाला सांगायला लागू नये इतका स्पष्ट. त्यानं आत बॅटरी मारली, मग उस्तादांकडं बघितलं.

उस्ताद सावधानमध्ये उभे राहिले. "गलती मेरी है, साब. इसकी नहीं." माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले. "इसकी नहीं."

मॅनेजर आवाज चढवून काहीच बोलला नाही. चढवला असता तर परवडलं असतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शुक्रन, मास्टर. तुम्ही मोठे कारीगर आहात. पण खलास." उस्तादांनी सॅल्यूट ठोकला. त्यानंही ठोकला. मग उस्ताद बाहेर बाकावर जाऊन बसले. डायचा एक ओघळ घामाबरोबर त्यांच्या कानामागून कॉलरवर उतरला होता.

मी हॉल आवरत होतो. मॅनेजरनं ड्रॉवरमधून स्वतःचा चष्मा काढला, दोरीवाला, आणि सैल झालेला स्क्रू न्याहाळायला लागला. मी त्याला चष्मा लावताना पहिल्यांदा बघत होतो असं नाही. रोज बघायचो. पण त्या दिवशी बघितला. तो म्हणाला, "त्याला जवळचं दिसत नाही, ना? चष्मा नाही का त्याच्याकडं?"

चष्मा माझ्या छातीवर होता. मी म्हटलं, "माहीत नाही, सर."

तो म्हणाला, "डोळे सगळ्यांचेच जातात. मागितला असता तर मी माझा दिला असता. मला दुःख त्याचं नाही. दिसत नसताना 'दिसलं' म्हणणारा माणूस हत्याराजवळ ठेवता येत नाही. हत्याराशी खोटं बोलायचं नसतं."

हत्याराशी खोटं! ज्या माणसानं आयुष्यात खोटा नंबर लिहिला नाही, त्याच्या नावावर हे लागलं. आणि ते मी लावलं. अजूनही वेळ होती. "सर, मी लावू दिला नाही त्यांना," एवढं म्हणायला काय लागत होतं? माझं काम गेलं नसतं, फार तर चार शब्द ऐकले असते. मी हॉल झाडत राहिलो. टॉवेलासाठी मजला डोक्यावर घेणारा मी!

गाडीत बसल्यावर चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लावला, बाहेर बघितलं आणि म्हणाले, "लई मोटी घरं हायती रं." मी रडेन म्हणून गाडी जोरात काढली. त्यांनीच मला समजावलं. "जीवाला लावून घिऊ नगंस. हात लागला की. सकाळपस्तोर किती हत्यारं हाताळली! एवडं काय कमी झालं?" मग बराच वेळ हाताचा वास घेत बसले.

विमानाला अवकाश होता म्हणून दोह्यातल्या मुशैरिबला नेलं, ट्राममध्ये बसवलं, नातवाला बूट घेतले. ते दुकानात प्रत्येकाला नमस्कार करत होते. मी सारखं "उस्ताद, चहा घ्या, उस्ताद, सरबत घ्या" करत होतो. शेवटी ते वैतागले. "आरं, पोट हाय का रांजन?"

गेल्या रजेत त्यांच्याकडं जायचं मी टाळत होतो. बायको मागं लागली. "ज्यांच्या जिवावर भाकरी खाताय त्यांच्याकडं जाईना व्हय?" गेलो. उस्ताद ओसरीवर बसलेले. केस पुन्हा पांढरेशुभ्र, डोळ्यांवर चष्मा. एटीएमची नोकरी त्यांनी कतारला येताना सोडली होती, ती जागा दुसऱ्याला गेली. गावात त्यांनी सांगितलं होतं, तिकडची हवा मानवली नाही. सुनेला हाक मारून म्हणाले, "ह्यो बग, मला विमानात बसीवनारा. च्या टाक."

इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "येक इचारू? त्या दिवशी आत दांडा व्हता, न्हवं?"

"व्हय, उस्ताद."

"वाटलंच मला. चकाकी येगळी व्हती. पर डोळं मानंनात." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. न बघता, हातानंच. "तू शेजारी हुतास. तुला दिसलं हुतं का?"

ते मला दुसरी संधी देत होते. दोष द्यायचा नव्हता त्यांना. माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते, काचा पुसत होते. आत सून कप मांडत होती, त्याचा आवाज येत होता. मी तोंड उघडलं.

"न्हाय, उस्ताद. मला न्हाय दिसलं."

त्यांनी लांब श्वास सोडला. खरंच हलके झाल्यासारखे दिसले. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"मला म्हाईतच हुतं. ह्या पोराला दिसलं असतं तर ह्यो गप ऱ्हायला नसता. इतकं दीस उगंच मनात खात हुतं बग."

सुनेनं चहा आणला. साखर जास्त झाली होती. मी तो सगळा प्यालो, आणि त्यांनी आणखी घे म्हटल्यावर तोही घेतला.